मख्ख चेहरा

बाई टेबलावरून उतरल्या, पायात चपला सरकवल्या, चेपलेले केस हातानंच सारखे केले आणि सगळेच विचारतात तो प्रश्न त्यांनी विचारला, "काही दिसलं का हो?" सगळ्यांना मिळतं तेच उत्तर त्यानं दिलं, "रिपोर्ट डॉक्टर सांगतील." एमआरआयच्या त्या थंडगार खोलीत इतकी वर्षं हेच वाक्य, हाच सूर, हाच चेहरा. मग त्यानं टेबलावरची चादर बदलली, पुढच्या पेशंटला आत घेतलं आणि तो त्या बाईंना विसरून गेला. तासाभरानं मोठ्या बाईंनी, म्हणजे विभागाच्या मुख्य डॉक्टरांनी, त्याला आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं तेव्हा त्याला वाटलं, मशीनच्या दुरुस्तीचं काही असेल. "मघाशी तुम्ही तपासलेल्या त्या शाळेतल्या बाई बाहेर बाकावर बसून रडत होत्या," मोठ्या बाई म्हणाल्या. "नवऱ्याला त्यांनी फोन करून बोलावून घेतलं. नवरा माझ्यावर येऊन ओरडला. म्हणे, तुमच्या माणसानं तोंडानं काही सांगितलं नाही, पण भुवया उडवल्या. दोनदा. अहो, तिच्या डोक्यात काही नाही. साधी डोकेदुखी आहे. आणि तुम्ही? दुसऱ्या कुणाचं सांगितलं असतं तर विश्वास ठेवला असता मी." तो म्हणाला, "मी काहीही केलं नाही." खरंच त्यानं काही केलं नव्हतं. केलं असतं तर त्याला कळलं नसतं का? आपल्याच कपाळावर आपल्याच भुवया वर जातात, आणि माणसाला पत्ता नाही, असं कधी होतं का?

होतं. ते त्याला माहीत होतं. त्या विभागात मोठ्या बाईंच्या खालोखाल ते माहीत असलेला माणूस तोच असेल. पण बाहेर येऊन पाण्याचा पेला तोंडाला लावेपर्यंत त्यानं तो विचार दाराबाहेर उभा करून ठेवला.

विभागात त्याला पाठीमागे मख्ख म्हणत. 'मख्खकडे पाठव', 'मख्ख आज लवकर आलाय.' त्याला हे ठाऊक होतं आणि राग नव्हता, कारण ही पदवी त्यानं मेहनतीनं कमावली होती. नोकरीला लागला तेव्हा त्याच्याबरोबर एक हसरा, बोलका गडी होता. एकदा पेशंट आत मशीनमध्ये आणि बाहेर स्क्रीनवर भलीमोठी गाठ उमटलेली, आणि हा गडी "अरे बापरे" म्हणून गेला. माइक चालूच होता. आतला माणूस त्या नळकांड्यात पाय झाडायला लागला. तेव्हापासून त्यानं ठरवलं, आपला चेहरा म्हणजे भिंत. पुढे जी नवी पोरं आली त्यांना त्यानंच शिकवलं. दात आवळायचे नाहीत, आवळले की जबडा दिसतो. जीभ टाळूला लावून ठेवायची, म्हणजे तोंडाभोवतीचं सगळं जागच्या जागी राहतं. पेशंटच्या डोळ्यांत बघायचं नाही आणि टाळायचंही नाही, दोन डोळ्यांच्या मधोमध बघायचं. बाहेर यायच्या आधी स्क्रीनवरचं चित्र काढून उद्याच्या पेशंटची यादी आणून ठेवायची. हे सगळं घरीही त्याच्या अंगवळणी पडलं. बायको पाहुण्यांना लग्नाचा फोटो दाखवायची आणि म्हणायची, "हे बघा आमचे हे. लग्नाला आलेत की पासपोर्टच्या फोटोला, सांगा बरं." पाहुणे हसायचे. तोही हसायचा, म्हणजे हसल्याचं त्याला आतून जाणवायचं. मुलगी पहिली आली, मुलगी पडली, मुलगी परगावी शिकायला गेली, प्रत्येक वेळी ती त्याच्या तोंडाकडे बघून हात टेकायची, "बाबा, तुला काही होतं की नाही रे?" व्हायचं. खूप व्हायचं. पण ते दाखवायची वाट त्यानं बुजवून टाकली होती, आणि खरं सांगायचं तर त्यात त्याची सोय होती. न सांगण्यासारखं त्याच्याकडे एक होतं, आणि मख्ख माणसाला कुणी खोदून विचारत नाही.

"चिमणे," त्यानं डबा उघडता उघडता विचारलं. चिमणी म्हणजे त्याच्या हाताखाली तयार झालेली मुलगी, अंगानं एवढीशी आणि अखंड चिवचिव. "मी कधी भुवया उडवतो का गं?" चिमणीनं तोंडातला घास गिळला. "उडवता की, सर." "केव्हा?" "हल्ली. जेवताना, बोलताना. मध्ये तो खांदाही असा करता." तिनं करून दाखवलं, डावा खांदा कानाकडे जरासा उडाला, कुणी मागून टिचकी मारावी तसा. "मला वाटायचं माझी टर उडवताय. मी म्हटलं, सर म्हातारपणी गमतीशीर व्हायला लागले." ती हसली, मग त्याच्याकडे बघून थांबली. "का हो, सर?" तो म्हणाला, "काही नाही. खा तू."

वडिलांचीही सुरुवात भुवयांपासूनच झाली होती. त्यांचं केशकर्तनालय होतं, दोन खुर्च्या, समोर लांबलचक आरसा. गिऱ्हाईक खुर्चीत बसायचं आणि त्याला आरशात दिसायचं, आपल्या डोक्यामागे उभा राहून न्हावी भुवया उडवतोय. लोकांना वाटायचं हा आपल्या टकलाची थट्टा करतोय. काही हसले, काही चिडले. मग खांदा उडायला लागला, मग बोटं, पेटी वाजवणाऱ्यासारखी हवेतच चालायची. आणि एके दिवशी गळ्यावर वस्तरा असताना मनगट हललं. फारसं लागलं नाही, पण गिऱ्हाईक साबण तसाच घेऊन रस्त्यावर पळालं, आणि त्या दिवसानंतर दुसऱ्या खुर्चीवर वर्तमानपत्रांचा ढीग साचला. वडील चालायचे ते झोकांड्या खात. बोलायचे ते जिभेला काहीतरी चिकटल्यासारखं. घरात सगळ्यांनी डोकी एकत्र केली तेव्हा आत्या म्हणाली, "वेड म्हटलं तर पोरांची लग्नं व्हायची नाहीत. दारू म्हणा. दारुडे सगळ्यांच्याच घरात असतात." त्या माणसाला दारूच्या वासानंसुद्धा मळमळायचं. पण ठरलं ते ठरलं. आईनं कुठूनशी एक रिकामी बाटली आणली, चहाचं फिकं पाणी तिच्यात भरलं आणि रस्त्यावरून दिसेल अशी खिडकीत ठेवली. रोज त्यातलं थोडं ओतून टाकायची, आठवड्यानं परत भरायची. इतक्या निगुतीनं तिनं देव्हाऱ्यातलं निरांजनसुद्धा कधी सांभाळलं नसेल. शेजारी सल्ले द्यायचे, कुणी औषध सांगायचं, कुणी चार ठेवून द्या म्हणायचं. वडील भिंतीला टेकून सगळं ऐकायचे, त्यांना सगळं कळायचं. एकदा बाटलीकडे मान वळवून ते आईला म्हणाले, "निदान जरा बऱ्या कंपनीची तरी ठेव गं." आई हसली आणि मग पदर तोंडात कोंबून रडली. ते गेले तेव्हा खांदेकरी आपापसात कुजबुजत होते, तरी बरं, सुटला, लिव्हर पार संपलं असणार. लिव्हर ठणठणीत होतं. मेंदूत, अगदी मधोमध, बोटभर जागेत लाखो पेशी एकेक करून मेल्या होत्या, आणि त्याची दखल घ्यायला त्या घरात कुणाला सवड नव्हती.

हे पेशींचं त्याला फार पुढे कळलं. एक पेशंट टेबलावर स्थिर राहीना, चित्रं सारखी पुसट येत होती. तेव्हाचे डॉक्टर शिकाऊ मुलांना घेऊन त्याच्या खुर्चीमागे उभे राहिले आणि स्क्रीनवर बोट ठेवून सांगायला लागले. इथे दोन्ही बाजूंना शेपटीसारख्या वळलेल्या पेशींच्या गाठी प्रत्येकालाच असतात, हालचालींना लगाम घालणाऱ्या. ह्याच्या वाळून गेल्यात बघा. त्यामुळे मधली पाण्याची पोकळी कशी चौकोनी दिसतेय. पेशीत एक प्रथिन चुकीचं तयार होतं, साचत जातं, पेशी मरते. हंटिंग्टनचा आजार. औषध नाही. पेशंटला स्वतःची हालचाल पुष्कळदा जाणवतही नाही. आईबापांपैकी एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता निम्मी. आणि बापाकडून आला तर पुढच्या पिढीत लवकरही येतो. मुलं वहीत लिहून घेत होती. तो समोरच्या काचेतून टेबलावरच्या माणसाचे पाय बघत होता. ते पाय त्याच्या ओळखीचे होते. वडिलांचे पाय चादरीखाली असेच चालायचे, निजल्या जागीच कुठेतरी निघाल्यासारखे. त्यानं जीभ टाळूला लावली. डॉक्टर म्हणाले, "जरा मोठं करून दाखवा," आणि त्यानं मोठं करून दाखवलं. संध्याकाळी घरी गेला तर मुलगी अंगणात एका पायावर उड्या मारत होती. सात वर्षांची होती ती. तोल गेला की खदखदून हसायची. बाप पायरीवर बसून तिच्या तोल जाण्याकडे बघत राहिला, आणि त्या संध्याकाळपासून त्यानं तिला निव्वळ बाप म्हणून कधी पाहिलंच नाही. तिच्या हातातून कप पडला की तो तिची बोटं न्याहाळायचा. ती चिडून काही बोलली की तिची जीभ अडखळते का ते ऐकायचा. रक्ताची तपासणी निघाली तेव्हा त्याला ती कळली, कुठे करतात तेही कळलं. केली नाही. मशीनमध्येही तो कधी झोपला नाही. नवं मशीन आलं की विभागातल्या कुणालातरी आत घालून बघतात, तेव्हा हा म्हणायचा, मला बंद जागेत गुदमरतं. एमआरआयवाल्याला एमआरआयची भीती, ह्यावर पिढ्यान्‌पिढ्या पोरं हसली. हसू दे. कळून काय होणार होतं? औषध नाही ते नाहीच, मग निदान झोप तरी राहू दे. हे तो स्वतःला इतक्यांदा म्हणाला होता की त्यातला खोटेपणासुद्धा झिजून गुळगुळीत झाला होता. कारण कळून काहीच होणार नव्हतं ते त्याचं. तिचं पुष्कळ काही होणार होतं. लग्न करायचं की नाही, मूल होऊ द्यायचं की नाही, हे तिनं डोळे उघडे ठेवून ठरवलं असतं. ती लग्न ठरवून आली तेव्हा तो मान हलवून म्हणाला होता, "छान." बायको म्हणाली, "बघा, एक अख्खा शब्द बोलले."

दुपारी मशीन दुरुस्त करणारे येऊन गेले. त्यानंतर पाण्यानं भरलेली एक बाटली मशीनमध्ये ठेवून चित्र नीट येतंय का ते बघायचं असतं. चिमणी बाटली काढायला वाकली तेव्हा तो म्हणाला, "राहू दे. मी झोपतो." "तुम्ही?" चिमणी उडालीच. "सर, गुदमरलात तर?" "तर बटण दाबेन. घड्याळ आणि किल्ल्या ठेव तिकडे." टेबल आत सरकलं. डोक्याभोवती पिंजरा, कपाळापासून वीतभर अंतरावर पांढरं छत. हजारो लोकांना त्यानं इथे सरकवलं होतं आणि 'काही होत नाही, डोळे मिटून पडा' म्हणाला होता. होतं की. इथे माणसाला आपल्या डोक्याशिवाय दुसरं काही उरत नाही. ठोके सुरू झाले, कुणी पत्र्यावर हातोडा मारतंय, मग ड्रिल, मग परत हातोडा. तो स्थिर पडून राहिला. आयुष्यभर चेहरा धरून बसलेल्या माणसाला स्थिर पडायला कितीसं अवघड? स्पीकर खरखरला, "सर, हलू नका." "हललो का?" मग चिमणीचा बारीक आवाज, "थोडंसं." तो आपल्या पायांकडे मनानंच बघायला लागला. पाय गप्प होते. हात गप्प होते. त्याच्या मते तो सगळाच्या सगळा गप्प होता. म्हणजे आता ह्या शरीरात दोन घरं झाली होती, एकात तो राहत होता आणि दुसऱ्यात काय चाललंय हे त्याला स्पीकरवरून कळवावं लागत होतं. वडील आरशात बघत असतील तेव्हा त्यांना काय दिसत असेल, हा विचार त्याच्या मनात पहिल्यांदाच आला. न्हाव्यासमोर दिवसभर आरसा. सगळ्या गावाआधी त्यांनी ते पाहिलं असणार, आणि आपला चेहरा आपल्याला विचारल्याशिवाय लोकांना काय काय सांगत सुटलाय हे बघत उभ्याउभ्या दाढ्या केल्या असणार.

टेबल बाहेर आलं. चिमणी शेजारी उभी होती. तिनं पिंजरा काढला, त्याला हात देऊन बसवलं. तो तिच्याकडे बघत होता. दात आवळलेले नव्हते. तोंडाभोवतीचं सगळं जागच्या जागी होतं. ती त्याच्या दोन डोळ्यांच्या मधोमध बघत होती. काचेपलीकडे स्क्रीनवर उद्याच्या पेशंटची यादी होती. "काही दिसलं का गं?" त्यानं विचारलं. चिमणी जराही अडखळली नाही. "रिपोर्ट बाई सांगतील, सर." तो म्हणाला, "शाब्बास." मग चपला घातल्या. मागे चिमणी चादर बदलायला वळली आणि कोपरे खोचत बसली, नुसतीच कोपरे खोचत बसली. मोठ्या बाईंनी त्याला दुसऱ्यांदा बोलावलं आणि ह्या वेळी 'बसा' म्हटलं. त्यांनी विचारलं, घरात कुणाला होतं का. "वडिलांना," तो म्हणाला, आणि बाहेरच्या माणसाजवळ ही कबुली त्यानं जन्मात पहिल्यांदा दिली. "चित्रावरून मी पक्कं म्हणत नाही," बाई म्हणाल्या. "रक्त देऊन ठेवा. आणि तुम्हाला मुलगी आहे ना?" त्यानं मान हलवली. निदान ती तरी त्यानं स्वतः हलवली.

घरी आला तर दारात मुलीच्या चपला. स्वयंपाकघरातून दोघी मायलेकींचं हसणं ऐकू येत होतं. तो दिसताच मुलगी उठून समोर उभी राहिली, हात पाठीमागे बांधून, शाळेत बक्षीस मिळाल्यावर उभी राहायची तशी. "बाबा, तू आजोबा होणार." त्याच्या छातीत एकदम ऊन पडल्यासारखं झालं. आनंद झाला त्याला, सरळ साधा, कुठलाही हिशेब न करणारा आनंद, आणि तो अंगभर पसरायच्या आतच त्यामागून ते दुसरं आलं. तेवढ्यात मुलगी ओरडली, "आई! आई, लवकर ये! बाबाच्या भुवया बघ! नाचतायत!" बायको हात पुसत आली. "अगं बाई! खरंच की. एवढी वर्षं संसार केला मी, पण ह्या माणसाच्या तोंडावर असलं काही पाहिलं नाही." मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं. ती त्याच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "मला वाटलंच नव्हतं रे तुला इतकं होईल." त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. हात शांत होता की नाही, त्याला सांगता आलं नसतं.

मग चहा झाला. मुलगी डॉक्टरीणबाईंच्या गोष्टी सांगत होती, काय खायचं, काय उचलायचं नाही. तो ऐकत होता आणि मनात ठरवत होता की आज नको. रक्ताचा रिपोर्ट येऊ दे. उगाच कशाला, नक्की नसताना. वाक्य चांगलं होतं, सभ्य होतं, जन्मभर पुरलेलं होतं. "आणि विचारलं त्यांनी," मुलगी सांगत होती, "घराण्यात कुणाला काही आजार होता का. मी म्हटलं, आजार कसला, आमचे आजोबा पक्के बेवडे होते, दुसरं काही नाही. त्या हसल्या, म्हणाल्या, ते चालतं." बायकोही हसली. मुलगी बोलता बोलता उठली आणि आजोबांची नक्कल करून दाखवली. आजोबांना तिनं कधी पाहिलं नव्हतं, त्याच्या आत्यानं सांगितलेल्या गोष्टींवरून केली. झोकांड्या, लोंबती मान, हवेत चालणारी बोटं. हुबेहूब होती. आपल्याच पोटच्या पोरीच्या अंगात वडील उभे राहिलेले बघून त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "बस खाली," तो ओरडला. मुलगी दचकून बसली. ओरडणं हेही त्या घरात नवीनच होतं. तो काही थोर मनानं बोलायला लागला नाही. त्या माणसाला आता हिनंही हसावं, हे त्याला सहन झालं नाही, इतकंच. "आजोबा दारू प्यायचे नाहीत," तो म्हणाला. "आयुष्यात एक थेंब घेतला नाही त्यांनी."

मग त्यानं सांगितलं. सगळं सांगितलं, आणि कामावरच्याच आवाजात सांगितलं, कारण दुसरा आवाज त्याच्याजवळ नव्हता. बाटलीतलं चहाचं पाणी, वाळलेल्या गाठी, निम्मी शक्यता, आजची सकाळ, दुपारचं मशीन. रक्ताची तपासणी असते, तुझीही होते, पोटातल्याचीही होते, पण आधी माझी. बायको मध्येच म्हणाली, "आणि मला? मला एका शब्दानं नाही?" आणि उत्तराची वाट न बघता उठून खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. मुलगी बसून होती, दोन्ही हात पोटावर. रडत नव्हती. "तुला कधीपासून माहीत आहे?" तिनं विचारलं. आजच कळलं, असं म्हणता आलं असतं. त्याचा चेहरा ते वाक्य निभावून नेईल ह्याची त्याला आता खात्री नव्हती, म्हणून असेल, किंवा कंटाळा आला होता म्हणून असेल, तो म्हणाला, "तू सात वर्षांची होतीस तेव्हापासून." तिनं मान डोलावली. कपातल्या उरलेल्या चहावर साय धरली.

"बाबा," ती म्हणाली, आणि त्याच्याकडे बघायला लागली, तोंडाभोवती, कपाळावर, सावकाश, एकेक जागा तपासत. "मघाशी मी सांगितलं तेव्हा. तुला आनंद झाला होता, की ते पण तेच होतं?"

"झाला होता," तो म्हणाला. हे त्याच्या सबंध आयुष्यातलं सगळ्यात खरं वाक्य होतं, आणि त्याला साक्ष द्यायला त्याच्याजवळ फक्त तो चेहरा होता. ती बघत राहिली.